लोमिद्झेचा जवाब

दारेजान जिकियाबद्दल कुताइसीत कुणालाही विचारा, चांगलंच ऐकायला मिळेल. टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसून तिनं आयुष्यभर लोकांची पार्सलं तोलली, कुणावर खेकसली नाही, आणि संध्याकाळी पुलाजवळच्या बुद्धिबळ क्लबात पोरांना शिकवलं. माझंही मत बरीच वर्षं हेच होतं. आता मी जे सांगणार आहे ते मनात राग ठेवूनच सांगणार आहे, आणि तो लपवायची मला काही गरज वाटत नाही.

आमच्याकडे पूर्वी मुलीला सासरी पाठवताना रुखवतात बुद्धिबळाचा पट द्यायचे. दारेजानच्या आजीला मिळालेला पट असाच फिरत फिरत तिच्याकडे आला. अक्रोडाच्या लाकडाचा, जड, देखणा. फक्त एक पांढरा घोडा कुणीतरी हरवला होता, राजाच्या बाजूचा. त्याच्या जागी वाइनच्या बाटलीचं बूच ठेवलेलं असायचं. लहानपणापासून ती त्या बुचाला घोडा समजूनच खेळली.

तिचे मास्तर होते गेरोन्ती लोमिद्झे. सगळं गाव त्यांना मानानं ‘बातोनो गेरोन्ती’ म्हणायचं. उंच, मिशा राखलेले, बोलायला गोड. आम्हा दहा-बारा मुलींना ते शिकवायचे, पण दारेजान त्यांची खास. तिच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट मांडून शिकवायचे. तिची आई खाचापुरी, म्हणजे चीज भरलेली रोटी, भाजायची आणि मास्तर पीठ लागलेल्या हातानं मोहरी हलवायचे. त्या पटाकडे बघून ते एकदा म्हणाले, "पोरी, तुझा घोडा तसाही हरवलेलाच आहे. मग तो देऊन टाकायचीच सुरुवात का शिकत नाहीस? बूच द्यायला कुणाचं काय जातंय!"

डावाची ती सुरुवात फार जुनी आहे. पांढऱ्यानं आधी एक प्यादं सोडायचं, मग तो घोडा मरू द्यायचा, आणि त्याच वेळी राजाला निवांत किल्ल्यात नेऊन ठेवायचं. एवढं दिल्यावर हातात उरतो फक्त हल्ला. हल्ला थांबला की तुम्ही कफल्लक. शहाणी माणसं असलं खेळत नाहीत. आम्ही इमेरेतीची, या कुताइसीकडच्या मुलखाची माणसं, आम्हाला असलंच आवडतं.

त्या हिवाळ्यात मास्तर आणि दारेजान दुसरं काही खेळलेच नाहीत. काळ्याचा सगळ्यात चिवट बचाव असा: त्याचा वजीर बाहेर पडलेला असतो, तर राजानं किल्ल्याच्या नादी न लागता वजिराच्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं. तिथं त्याला हात लावता येत नाही. त्यावर दारेजाननं एक उपाय शोधला. हल्ला ऐन भरात असताना स्वतःचा वजीर एकच घर मागे घ्यायचा. दिसायला भित्री खेळी, पण तिच्यामुळे सगळ्या मोहऱ्यांना वाट मोकळी होते. जुन्या पुस्तकांत ती कुठं असेलही. कुताइसीत तरी ती दारेजानचीच होती. मास्तरांनी तिच्या कपाळाचा मुका घेतला. आईनं वाइन काढली.

मग एका दुपारी मास्तरांनीच त्यात भोक पाडलं. काळा वजीर उचलून त्यांनी पांढऱ्या वजिराच्या समोर आणून उभा केला. "आणि हे केलं तर?" वजिरांची मारामारी झाली की हल्ल्यातला जीव जातो, आणि घोडा तर आपण आधीच दिलेला. माघार घेतली तर काळ्याला श्वास घ्यायला वेळ मिळतो. दारेजानचा चेहरा उतरला. मास्तरांनी हातानं सगळी मोहरी गोळा केली. "पटावर बसून हे कुणाला सुचायचं नाही. बिनधास्त खेळ."

म्हणजे ती गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. ओट्याजवळ उभी असलेली आई सोडली तर. पण आईला घोडा कुठला आणि उंट कुठला हेही कळत नव्हतं.

शरदात तिबिलिसीला महिलांची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत दारेजानसमोर इझोल्दा. इझोल्दा बरी खेळायची, पण तिचा बाप जास्त बरा होता. मोठ्या खुर्चीवर बसलेला, आणि क्रीडा खात्यात त्याचा शब्द चालायचा. दारेजान जिंकली असती तर विजेतेपद आमच्या गावात आलं असतं. मी दोरीच्या अलीकडे पहिल्या रांगेत उभी होते.

दारेजाननं प्यादं दिलं, घोडा दिला. इझोल्दानं राजा वजिराच्या घरात नेऊन बसवला. दारेजाननं वजीर एक घर मागे घेतला. सभागृहात कुजबुज झाली, एकजण तर म्हणाला, "घाबरली पोरगी!" आणि इझोल्दानं, चहाच्या कपावरून नजरही न उचलता, आपला वजीर तिच्या वजिरासमोर आणून ठेवला.

दारेजाननं मान वर केली. पटाकडे नाही, समोरच्या मुलीकडेही नाही. तिनं मास्तरांना शोधलं. ते खांबाला टेकून छताची नक्षी बघत होते.

दारेजान हरली. डाव संपल्यावर आमच्यात दोन्ही खेळाडू शेजारी बसून तो पुन्हा मांडतात, कुठं काय चुकलं ते एकमेकांना मोकळेपणानं दाखवतात. ही रीतच आहे. पण त्या दिवशी लोकांना भिंतीवरच्या मोठ्या पटावर सगळं बघायचं होतं, आणि समजावून सांगायला काठी घेऊन कोण उभं राहिलं, तर गेरोन्ती लोमिद्झे. त्यांनी एकेक खेळी दाखवली. काळा वजीर समोर आला तेव्हा ते थांबले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मुलीत आग आहे हो, पण अभ्यास कच्चा. वजीर गेला. आता हिच्या हातात काय उरलं? बूच!"

सगळे हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. मला ते स्वयंपाकघर माहीत होतं, तो पट माहीत होता, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दारेजान भिंतीला पाठ लावून त्या मोठ्या पटाकडे टक लावून बघत होती. ओठ आवळलेले. मी म्हटलं, आता रडते. पण ती रडली नाही. उलट बराच वेळ गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "चल मार्गो, भूक लागलीय."

त्याच हिवाळ्यात मास्तरांना तिबिलिसीत नोकरी आणि गच्चीचं घर मिळालं. दारेजाननं कुणाकडे तक्रार केली नाही. केली असती तरी पुरावा कुठला? शब्दाला शब्द, आणि तिकडचा शब्द वजनदार. कुताइसीत मात्र तिला ‘बूच’ हे नाव चिकटलं. बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बायकासुद्धा म्हणायच्या, "ये गं बूच, ताजे आहेत."

आणि आता ती गोष्ट, जी मला वर्षानुवर्षं कळली नाही. दारेजान त्या खेळीची स्तुती करायला लागली. मनापासून, चारचौघांत. काळा वजीर समोर आणण्याच्या त्या खेळीला ‘लोमिद्झेचा जवाब’ हे नाव दिलं तेही तिनंच. आमच्या भागात किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या पेपरात बुद्धिबळाचा कोपरा यायचा, त्यात तिनं तो सगळा डाव टिपणांसह छापून आणला आणि शेवटी लिहिलं की या जवाबापुढे पांढऱ्यानं राजा आडवा करून हार मानलेली बरी. क्लबात कुणी विषय काढला की म्हणायची, "माझ्या मास्तरांच्या जवाबाला तोड नाही."

मी चिडायचे. "अगं, त्यानं तुझं वाटोळं केलं आणि तू त्याची आरती करतेस?"

"चांगली खेळी ती चांगली खेळी," ती म्हणायची आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायची.

मला वाटलं, हिच्या अंगात रक्त नाही. मी तिच्या जागी असते तर त्या माणसाच्या गच्चीखाली जाऊन रोज शंख केला असता. माझं तोंड असंच आहे. पोटात काही राहत नाही, ओठांवर येतंच. गावात कुणाचं लग्न मोडलं तर आधी मला कळतं, मग मुलीच्या बापाला.

एक डाव माझाही आहे. सांगते, कारण पुढे लागणार आहे. बातूमीला निवडीचा सामना होता, जिंकले असते तर मी तिबिलिसीच्या अंतिम स्पर्धेत गेले असते. तेवढी एकच संधी मला आयुष्यात मिळाली. पुढे लग्न झालं, जुळी झाली आणि खेळ मागे पडला. मला तीच सुरुवात यायची. म्हटलं, समोरची किनाऱ्याकडची पोरगी, हिला कुठला जवाबबिवाब माहीत असायला! दिलं प्यादं, दिला घोडा. पोरीनं पेपर वाचलेला होता. तिनं काळा वजीर माझ्या वजिरासमोर आणून ठेवला आणि आजूबाजूच्या टेबलांवरची दोघंतिघं गालात हसली. आता कुढत बसून आणखी शोभा कशाला करून घ्यायची? तिथल्या तिथं मी राजा आडवा केला. आमची संघप्रमुख म्हणून दारेजान माझ्या मागेच उभी होती. तिनं मला बाहेर नेलं, नावेच्या आकाराची, मधोमध अंडं फोडलेली गरम खाचापुरी खाऊ घातली आणि माझे डोळे पुसले. "चालायचंच गं," म्हणाली. त्या मायेसाठी मी तिला किती वर्षं दुवा दिला!

मग एका मे महिन्यात, आमच्या शहराच्या सणाला, तिबिलिसीच्या जुन्या खेळाडूंचा संघ पाहुणा म्हणून आला. त्यांच्या अग्रभागी गेरोन्ती लोमिद्झे. मिशा पांढऱ्या, पोट सुटलेलं, छातीवर पदकं. कोण कुणाशी खेळणार हे आमच्याकडून दारेजान ठरवणार होती. तिनं स्वतःचं नाव त्यांच्यासमोर लिहिलं, आणि पांढरी मोहरी आपल्याकडे घेतली.

क्लबचे प्रमुख प्लातोन आजोबा, नव्वदीला टेकलेले, तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, पाहुणा आहे. दारात आलेल्याला आपण हरवत नाही. अर्धा गुण देऊन टाक, मग जेवायला बसू. बकरं कापलंय."

"आजोबा, डाव संपला की मी स्वतः त्यांना वाढीन."

"मी बरोबरी कर म्हणतोय."

"ऐकलं मी," दारेजान म्हणाली.

आमच्याकडे पाहुण्यासाठी घरातलं शेवटचं कोंबडं कापतात. पाहुणा हरला तर यजमानाची मान खाली जाते. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. रिओनी नदीच्या काठावर बागेत टेबलं मांडली होती, सगळा गाव लोटला होता, आणि ती सणाचे निळे कपडे घालून गंभीर चेहऱ्यानं बसली होती.

तिनं प्यादं दिलं. मास्तर हसले. "अजून तेच, दारेजान?"

"सवय, मास्तर."

तिनं घोडा मरू दिला. लोक पुढे सरकले. मास्तरांना चेव आला, ते मागे वळून लोकांना सांगायला लागले, "बघा हं, ही माझीच विद्यार्थिनी. मीच शिकवलंय हिला." राजा वजिराच्या घरात गेला. दारेजाननं वजीर एक घर मागे घेतला.

"पोरी, पोरी," मास्तर मान हलवत म्हणाले, "पुन्हा त्याच खड्ड्यात?"

"तुमचा जवाब आहे मास्तर. लोकांना बघायचाय."

मास्तरांनी वाइनचा घोट घेतला, मिशी पुसली, आणि एखाद्या लग्नात आहेर ठेवावा तशा थाटात काळा वजीर पांढऱ्या वजिरासमोर ठेवला. टाळ्या पडल्या. प्लातोन आजोबांनी तर डोळेच मिटून घेतले.

दारेजाननं वजिराला हातच लावला नाही. तिनं उंट उचलला आणि एक घर पुढे ठेवला. बस्स. मग उठली, पाहुण्यांच्या टेबलाशी गेली, मक्याच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि आलुबुखाराच्या चटणीत बुडवून सावकाश खायला लागली.

मास्तरांचं हसू आधी गेलं नाही. ते हळूहळू गेलं. वजीर मारावा तर मारता येत होता, आणि बदल्यात आपलाही जाणार होता. पण वजीर गेल्यावरही हल्ला मरत नव्हता. तो उंट लांबून त्यांच्या हत्तीवर डोळा ठेवून होता, तिचा उरलेला घोडा राजाच्या तोंडाशी, आणि राजा आपल्याच वजिराच्या घरात कोंडलेला. हत्ती वाचवला तर त्यांचा घोडा जात होता, घोडा वाचवला तर राजा. ते विचार करत बसले. बकरं शिजलं, त्याचा वास बागभर पसरला, पण कुणी हललं नाही. मास्तरांनी वजीर मारला, हत्ती हलवला, कपाळ पुसलं. थोड्या खेळ्यांत त्यांना राजा आडवा करावा लागला.

रीतीप्रमाणे दारेजान शेजारी बसली आणि डाव पुन्हा मांडायला लागली. मास्तरांनी उंटावर बोट ठेवलं. "हा उंट... हा कधी सापडला तुला?"

"त्याच दिवशी."

"कुठल्या?"

"तिबिलिसीला. तुम्ही काठी घेऊन लोकांना माझा कच्चा अभ्यास समजावत होतात ना, तेव्हा मी तुमच्या मागे भिंतीशी उभी होते. मोठ्या पटावर फार स्वच्छ दिसलं."

"मग इतकी वर्षं... पेपरात तूच लिहिलंस की या जवाबाला—"

"तोड नाही. हो. नाहीतर तुम्ही तो आज खेळला असतात का?"

एवढं बोलून तिनं निळ्या पोशाखाच्या खिशात हात घातला आणि आजीच्या पटावरचं ते बूच काढून मास्तरांच्या आडव्या राजाशेजारी ठेवलं. "हे राहिलं होतं तुमचं. इझोल्दाला माझी सगळी तयारी दिलीत, हे बूच मात्र लोकांना हसायला दिलंत."

मास्तरांनी एकदाही ‘मी दिलं नाही’ असं म्हटलं नाही. माणूस खोटा आरोप असा ऐकून घेत नाही. हे सगळ्यांना कळलं. ते उठले आणि जेवायला न थांबता गाडीत जाऊन बसले. पाहुणा उपाशी गेला म्हणून प्लातोन आजोबांनी दारेजानशी मरेपर्यंत अबोला धरला. तिला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसापासून तिला कुणी बूच म्हटलं नाही, आणि ती जेवली, सांगते, दोन माणसांचं जेवली.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. किती बरं वाटलं म्हणून सांगू! वर्षानुवर्षं गिळलेलं एका झटक्यात बाहेर पडल्यासारखं. मी बकऱ्याचा रस्सा ताटात घेत होते आणि शेजारणीला सांगत होते, "बघितलंस? त्याच दिवशी सापडलं म्हणे! त्याच दिवशी!" आणि तिसऱ्यांदा ते म्हणताना माझा हात थांबला.

त्याच दिवशी. म्हणजे बातूमीच्या कितीतरी आधी.

मी ताट घेऊनच तिच्यासमोर गेले. "दारेजान, मग माझा डाव?"

ती चावता चावता थांबली. कुठला डाव, असं तिनं विचारलं नाही, एवढं तिचं मोठेपण.

"मी राजा आडवा केला तेव्हा तू मागे उभी होतीस. तो उंट तिथंच होता. मी जिंकत होते."

"हो."

"एकदा आधी मला सांगितलं असतंस तर?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत कुताइसीला कळलं असतं आणि सकाळी तिबिलिसीला. मार्गो, तू कधी गप्प बसली आहेस का?"

"आणि वर मला खाचापुरी खाऊ घातलीस!"

"मग काय उपाशी ठेवू?" ती म्हणाली, आणि मीठ मागायला वळली.

मी भांडले नाही. माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाही. ताट ठेवलं, तोंड धुतलं आणि घरी आले. तिचं मास्तरांशी जे वैर होतं ते मला समजत होतं. पण माझा एकुलता एक डाव तिनं त्या वैराला सरपण म्हणून घातला, तोही विचारपूर्वक, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझेच डोळे पुसले. हे मी विसरणार नाही.

आता तो उंटाचा डाव सगळीकडे छापून आला आहे. त्या खेळीला ‘जिकियाचा उंट’ म्हणतात. दारेजान निवृत्त झाली, पण दर शरदात क्लबच्या सामन्यात उतरते, पांढरी मोहरी मिळाली की तीच सुरुवात खेळते आणि अजून कुणाला तिला थांबवता आलेलं नाही. पोरंटोरं तिच्याभोवती गोळा होतात. मी त्यांच्यात उभी राहते आणि म्हणते, "आमच्या दारेजानच्या उंटाला तोड नाही."

माझ्याही घरी पट आहे. जुळी मोठी होऊन गेली, दुपारी वेळच वेळ असतो. काळ्यानं वजीर मारायचा नाही आणि हत्तीचा मोह सोडायचा. हत्ती खुशाल मरू द्यायचा आणि राजाला आणखी एक घर बाजूला न्यायचं. मग पांढऱ्याचा हल्ला संपतो, आणि दारेजानच्या हातात काय उरतं ते मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, शेजारणीलासुद्धा नाही.

या शरदात दारेजानसमोर काळी मोहरी माझ्याकडे आहेत.